टाक्यावरचं भांडण

मुंबई, ता. ४ जानेवारी १९३४

ती. सौ. मुक्ताअक्का हिस,
सोपानचा साष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. पण आज कारणच तसं आहे. आमच्या कचेरीत जगाची सफर करणाऱ्या एका मोठ्या बोटीचं काम आलं आहे. ती या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईला लागते, एक दिवस थांबते आणि पुढे कोलंबोला जाते. तेवढ्या एका दिवसात उतारूंना काय दाखवायचं ते आमच्या कचेरीनं ठरवायचं. या वेळच्या लोकांना डोंगरातला जुना मठ पाहायचा आहे. कार्ल्याला सगळेच नेतात, तिथे गर्दी. हेडसाहेब म्हणाले, कुणी न पाहिलेलं ठिकाण कोण सुचवतो? मी उभा राहिलो आणि म्हणालो, बेडसे. माझ्या बहिणीचं सासर आहे हे मात्र बोललो नाही, कारण विचारलं नाही.

अक्का, तुमची ती लेणी म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध भिक्षूंचा मठ आहे. त्या लहान लहान खोल्यांत ते झोपत. गावात कुणाला याची किंमत नाही, पण हे लोक त्यासाठी समुद्र ओलांडून येतात.

बेत असा. पहाटे बोट लागेल. बोरीबंदरहून राखून ठेवलेल्या डब्यानं लोणावळा, तिथे हॉटेलात न्याहारी. मग मोटारींनी कामशेत, तिथून बैलगाड्यांनी बेडसे. डोंगर चढायला म्हाताऱ्या मडमांसाठी खुर्चीच्या डोल्या. दुपारचं जेवण लेण्याच्या सावलीत, आणि रात्रीच्या आत परत बोटीवर.

दाजींना सांगून एवढं जमवायचं. चांगल्या गाद्या घातलेल्या गाड्या. ठाकरवाडीतले खांदेकरी, शिदू आहे ना अजून? सुट्टीत तुझ्याकडे राहायला यायचो तेव्हा तोच मला टाक्यावर न्यायचा. वाट झाडलेली हवी. वाटेवर गुरं नकोत, पोरं नकोत, कुणी हात पसरून उभं राहायला नको. आणि वरच्या पाण्याच्या टाक्यावर सकाळपासून दुपारपर्यंत बायका येऊ नयेत, तेवढं बघ. पाहुण्यांना शांतता आवडते.

हे नीट पार पडलं तर मी नोकरीत कायम होईन. सगळं तुझ्या हातात आहे.

तुझा,
सोपान


बेडसे, संक्रांत चार दिसांवर

चि. सोपान यास मुक्ताचा आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हनले, मेव्हना साहेब झाला, आता आपल्या बैलांना गादी लागनार. हसले, पन सांजच्याला गाड्यांचं बोलून आले. चार गाड्या हायेत. शिदू हाये, त्याचा भाऊ हाये, वाडीतले आनखी गडी येतील. शिदू म्हनला, सोपाननाना आपल्या मानसाला इसरले न्हाईत, लय बरं वाटलं.

मठ मठ काय लिवलंस? मठात महाराज असत्यात. हितं वटवाघळं हायेत आन् आत आमची यमाई हाये. तिला शेंदूर लावतो ते तुझ्या साहेबांना चालंल का, ते बी इचारून घे. तिला काय आमी उचलून दुसरीकडं ठेवनार न्हाई.

आता पान्याचं. आवंदा पाऊस कसा गेला तुला म्हाईत न्हाई, तू नळाचं पितोस. वाडीची इहीर पौषातच खाली गेली. वाडीतल्या बाया वरच्या टाक्यावरच भरत्यात. आमची गावातली इहीर वाडीपासनं लांब हाये, आन् त्यांनी खाली आलं तर गावातली काय काय बोलत्यात ते तुला सांगाया नगं. तू म्हन्तोस दुपारपत्तुर येऊ नगा. वाडीतल्या पुतळाबाईला बोलले. ती म्हनली, "मुक्ताबाय, तुमचा भाऊ म्हून ऐकतो. अंधारात भरून ठिवू." म्हातारी हाये ती, अंधारात तिला पाय ठेवाया दिसत न्हाई. पन तुझ्यासाठी व्हय म्हनली.

मला हे आवडलं न्हाई. आवडलं न्हाई तरी केलं. तू कायम व्हावास म्हून केलं.

त्या दिवशी तू आमच्या घरी जेवशील. पुरन घालते. साहेबांना सांग, बहिनीचं घर खालीच हाये. समद्या आळीला सांगितलंय, माझा सोपान साहेब लोकांना घिऊन येतोय म्हून.

मुक्ता


मुंबई, ता. १५ जानेवारी १९३४

ती. अक्कास नमस्कार.

गाड्यांचं वाचून जीव भांड्यात पडला. वाट मोकळी ठेवायला कचेरीचे दोन पट्टेवाले बरोबर असतील, त्यामुळे तुला काळजी नको.

जेवणाचं या खेपेला जमणार नाही. मी कामावर असेन. आणि एक सांगायचं आहे, रागावू नकोस. पाहुण्यांसमोर मला भेटायला येऊ नका, तू किंवा दाजी. हेडसाहेब स्वतः बरोबर येणार आहेत. गाववाल्यांशी घसट आहे असं दिसलं तर त्यांना वाटेल, नात्यातल्यांची सोय लावली. मी नंतर सवडीनं दोन दिवस राहायला येईन.

सोपान


बेडसे, बोटवाले येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी

सोपान,

आशीर्वाद लिवाया हात उचलत न्हाई, म्हून लिवला न्हाई.

तू येऊ नगं म्हनलास म्हून मी तुझ्याम्होरं आले न्हाई. पन भाऊ दारावरनं जातोय आन् बघायचं बी न्हाई, असं कुटं असतं का? सकाळीच पुतळाबाईसंगं वर गेले आन् टाक्याच्या वरच्या अंगाला कातळाआड बसले. डोल्या वर आल्या. शिदू एका जाड मडमेच्या दांडीखाली व्हता, पार वाकला व्हता. मागनं तू आलास. डोक्यावर टोपी, हातात छडी, ते खांब दाखवत विंग्रजी बोलत व्हतास. खोटं कशाला लिवू, माझा ऊर भरून आला. पुतळाबाईला म्हनले, त्यो बघ आमचा.

मंग हिरी आली. शिदूची बायको. तिनं अंधारात भरून ठिवलं व्हतं, पन तिच्या लेकराला रातीपासनं ताप. कपाळावर पट्ट्या ठिवून ठिवून पानी सरलं. तापाला बोट कळत न्हाई. घागर घिऊन ती कडंकडंनं टाक्यापाशी आली. तुझा पट्टेवाला आडवा झाला, "हटो" म्हनला. हिरी म्हनली, "येक घागर भरते दादा, आन् जाते. लेकरू आजारी हाये." त्यानं घागरीला लाथ घातली. मातीची घागर. टाक्याच्या कडंवर फुटली.

शिदूनं ते बघितलं. दांडी खांद्यावर व्हती. सोडली असती तर मडम खाली गेली असती. सोडली न्हाई त्यानं.

मी उतरले. त्या मुडद्याचा पट्टा धरला आन् जे तोंडात आलं ते बोलले. आपल्या आयनं कवा उच्चारलं नसंल असलं बोलले. मंग तू दिसलास. मी म्हनले, "सोपान, सांग ह्याला! सांग ह्याला कुनाचं पानी हाये हे!"

तू माज्याकडं बघितलंस. नीट बघितलंस. मंग एका साहेबानं काय तरी इचारलं, आन् तू हसलास. हसलास आन् विंग्रजीत काय बोललास. आन् ती समदी हसली. टाळ्या वाजवल्या. फोटूची यंत्रं काढली. एका म्हाताऱ्या मडमेनं माजा हात धरला, तळहातावर नानं ठिवलं आन् माझी बोटं मिटली, लहान पोराची मिटावी तशी.

मी ते नानं तिथंच सोडलं. कुनी उचललं मला म्हाईत न्हाई.

हिरी पानी न घेताच गेली. नंतर मीच खालनं हंडा भरून दिला. पोराचा ताप आता उतरलाय, तू इचारनार न्हाईस तरी सांगते.

मला एकच सांग. तू त्यांना काय सांगितलंस?

मुक्ता


मुंबई, ता. ३० जानेवारी १९३४

ती. अक्कास,

तुझं पत्र वाचून मलाही राग आला आहे, तो लपवत नाही. मी स्पष्ट लिहिलं होतं, येऊ नका. लिहिलं होतं की नाही? तरी तू गेलीस आणि कातळाआड बसलीस. त्या बाईलाही सांगितलेलं होतं. दहा माणसांनी ठरवलेलं काम एका घागरीपायी बिघडायची वेळ आली होती.

तुला वाटतं मी टोपी घालून मिरवत होतो. ती टोपी घालायला आपल्या माणसाला काय काय गिळावं लागतं, ते तुला बेडशात बसून कळायचं नाही. हेडसाहेब माझ्या शेजारी उभे होते. त्या क्षणी मी "ही माझी बहीण" म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. मग तळेगावच्या शाळेत माझं मॅट्रिक होईपर्यंत आबांनी जे सोसलं ते सगळं पाण्यात. तिथे मी तुझा भाऊ नव्हतो, कचेरीचा माणूस होतो. हा फरक तुला समजायला हवा.

पट्टेवाल्याला समज देण्यात आली आहे. खांदेकऱ्यांना कबूल केलेलं सगळं मिळालं आहे. मी जे बोललो ते प्रसंग निभावून नेण्यापुरतं बोललो. त्याला एवढं महत्त्व देऊ नकोस. पाहुणे खूश होऊन गेले, हे बघ.

दाजींना नमस्कार.

सोपान


बेडसे, शुक्रवार

सोपान,

मी एकच इचारलं व्हतं. तू भरून पानं लिवलीस आन् तेवढंच लिवलं न्हाईस.

घागरीपायी म्हन्तोस. घागर भरू दिली असती तर तुझी पानं वाचली असती.

काय सांगितलंस?

मुक्ता


मुंबई, ता. १७ फेब्रुवारी १९३४

ती. अक्कास नमस्कार.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे.

मार्चच्या दहा तारखेला दुसरी बोट लागते. त्याच कंपनीची. पहिल्या बोटीवरच्या लोकांनी कोलंबोहून पत्रं धाडली, फोटो धाडले. बेडसे सगळ्यांत आवडलं म्हणे. हेडसाहेबांनी मला बोलावून पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, पुन्हा बेडसेच, आणि सगळं तसंच. सगळं.

आता तुला सांगावंच लागतं. त्या साहेबानं विचारलं, ही बाई का ओरडते आहे? माझ्या तोंडून निघून गेलं की, ही इथली जुनी रीत आहे. मठात कुणी परका आला की डोंगरातल्या बायका टाक्यावर भांडण करतात, घागर फोडतात, आणि मगच पाहुण्याला पाणी देतात. ते शुभ मानतात. म्हणून ते हसले. म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझा अपमान करायचा त्यांच्या मनात नव्हता. त्यांना तो मानच वाटला.

आता कचेरीनं ते पुढच्या बोटीच्या कार्यक्रमात घातलं आहे. वेळेसकट. मी नाही म्हणू शकत नाही. म्हटलं तर आधी सांगितलेलं खोटं होतं हे उघड होईल.

तेव्हा अक्का, एकदाच. चार बायका टाक्यावर उभ्या कर. हिरी असली तर बरं, फोटोत ती आहे. थोडं ओरडायचं, एक मडकं फोडायचं, संपलं. मडकी मी मुंबईहून पाठवतो. हिरीसाठी तांब्याची कळशी आणतो, तिच्या फुटलेल्या घागरीपेक्षा केव्हाही चांगली. तू स्वतः नाही आलीस तरी चालेल. कुणाचं काही जात नाही यात.

एवढं केलंस तर मी जन्मभर विसरणार नाही.

सोपान


बेडसे, होळीच्या आदी

सोपान,

तुझं पत्र मी वाडीत नेलं. हिरीच्या अंगनात बसून मोठ्यानं वाचलं. ती हितली हाये, तिच्याबद्दल लिवलंय, तिला कळाया पायजे.

आदी कुनाला कळंना. पुतळाबाई म्हनली, "आसली रीत हाये व्हय आपल्यात? मला कशी म्हाईत न्हाई? येवढी म्हातारी झाले." मंग मी पुन्यांदा वाचलं.

हिरीनं इचारलं, "म्हंजी मी भांडले ते त्यांना खेळ वाटला?"

मी म्हनले, व्हय.

"आन् आता तोच खेळ परत करायचा?"

मी म्हनले, त्यो तसं लिवतोय.

ती लय वेळ चूल फुकत बसली. मंग म्हनली, "मुक्ताबाय, येकदा खोटं भांडले तर पुन्यांदा खरं भांडीन तवा कोन इश्वास ठिवनार? पानी तोडलं, घागर फोडली, तरी समदी टाळ्याच वाजवतील. मंग माझ्यापाशी काय ऱ्हायलं?"

हे तुझ्या हेडसाहेबाला विंग्रजीत सांग. सांगता येतं का बघ.

तुझ्या तोंडातनं निघून गेलं म्हन्तोस. तोंडातनं शिवी निघून जाती, खोकला निघून जातो. येवढी बैजवार रीत निघून जात न्हाई. ती तू बनवलीस. मी तुझ्याम्होरं उभी व्हते, तुझं नाव घिऊन हाक मारली, आन् तू मला रीत केलंस. बहीन म्हनाया लाज वाटली तर वळख न्हाई म्हनायचं व्हतंस, गप ऱ्हायचं व्हतंस. त्ये बी मी गिळलं असतं. न्हानपनी तुला मी पाठुंगळी मारून वढा पार केला, तवा बी तू पाठीवरनं लाथाच घालायचास. त्या लाथा बऱ्या व्हत्या.

कळशी आनू नगं. आनलीस तर मी स्वता टाक्यात टाकीन.

गाड्या येतील, डोल्या येतील. ह्यांनी शब्द दिलाय आन् हे शब्द मोडत न्हाईत. वर काय व्हईल ते तू येऊन बघ.

मुक्ता


मुंबई, ता. १३ मार्च १९३४

ती. अक्कास,

तुला बहुतेक सगळं कळलं असेल, तरी माझ्या हातानं लिहितो.

गाड्या कामशेतला वेळेवर उभ्या होत्या. दाजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बैलांशी मात्र बोलत होते. वाडीतले सगळे खांदेकरी होते. शिदूनं दांडी उचलली आणि माझ्याकडे न बघता चालायला लागला.

वर गेलो. टाक्यावर कुणीही नव्हतं. वाडीतून धूर नाही, आवाज नाही. पाहुणे यंत्रं काढून उन्हात उभे राहिले. बोटीवर त्यांना सांगितलेलंच होतं की आता बायका येतील. बराच वेळ गेला. एक म्हातारा साहेब घड्याळ बघायला लागला. हेडसाहेब माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, बायका नाहीत तर या खांदेकऱ्यांना करायला सांग. बाप्यांचं भांडण, काय बिघडलं? पट्टेवाला तोच होता, त्याला मी समज दिली असं लिहिलं होतं ते खोटं. त्यानं शिदूला कोपरानं ढकललं आणि म्हणाला, "चल, चिल्ला."

शिदूनं डोली खाली ठेवली. बाकीच्यांनीही ठेवल्या. सगळे कातळावर टेकले आणि माझ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात एका बाईनं पिशवीतून फोटो काढला. पहिल्या बोटीवरच्या तिच्या मैत्रिणीनं तो तिला पाठवला होता. तिनं बोट ठेवून विचारलं, ही बाई आज येणार नाही का? मला हिलाच पाहायचं होतं.

तो तुझा फोटो होता, अक्का. पट्टा धरलेला हात, उघडं तोंड, आणि डोळे यंत्राकडे नाहीत, बाजूला कुणाकडे तरी. कुणाकडे ते मला माहीत होतं. तिथे मी उभा होतो.

मी म्हणालो, ही माझी सख्खी बहीण आहे. इथे कसलीही रीत नाही. त्या दिवशी एक बाई आजारी मुलासाठी पाणी न्यायला आली होती, आमच्या माणसानं तिची घागर फोडली, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो.

बाईनं फोटो परत पिशवीत ठेवला. एकदोघांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे, ते हसले. हेडसाहेबांनी मला तिथल्या तिथे जायला सांगितलं. उद्यापासून कचेरीत पाय ठेवू नकोस म्हणाले.

मी एकटाच उतरलो आणि तुझ्या दाराशी आलो. दार बंद होतं. ओट्यावर बसलो. दाजी गाड्यांपाशी होते, शेजारच्या अंबूबाईनं तांब्या आणून दिला आणि म्हणाली, "आत हाय ती. कडी आतनं हाय." मी तीनदा हाक मारली. मग स्टेशनची वाट धरली.

मी खरं बोललो, अक्का. माझी नोकरी गेली. आणखी काय करायला हवं होतं?

सोपान


बेडसे, पाडव्याच्या आदल्या दिवशी

सोपान,

व्हय, मी आत व्हते. तुझ्या तिन्ही हाका ऐकल्या. उठले न्हाई.

मागनं शिदूनं येऊन समदं सांगितलं. म्हंजी त्याला जेवढं कळलं तेवढं. तू काय बोललास ते त्याला कुटं कळतंय? त्यानं बघितलं की तू बोललास आन् साहेब लाल झाला. त्याला वाटलं आमच्यामुळं बोलनी खाल्लीस. वाईट वाटलं त्याला तुझं! वाडीत जाऊन बायांना म्हनला, नानांना आपल्यापायी तरास झाला. आता हिरी डोक्याला हात लावून बसलीया, लेकराची आन घिऊन सांगती की तुझं वाटोळं करायचं तिच्या मनात नव्हतं.

ह्ये बघ काय करून ठिवलंस. खोटं बोललास ते विंग्रजीत, आन् खरं बोललास ते बी विंग्रजीत. ज्यांची घागर फुटली त्यांना दोन्ही खेपंला कळलं न्हाई. समुद्रापलीकडच्या मडमेला तू भाऊ म्हून म्हाईत झालास, आन् हितं वाडीत अजून साहेबच हायेस.

इचारतोस, आनखी काय करायचं? माझ्या दाराशी येऊन बसलास, आदी माझ्याच दाराशी. घागर माझी फुटली व्हती का?

नोकरी गेली त्याचं मला बरं वाटलं असं समजू नगं. आबा असते तर रडले असते. मी बी रडले. पन त्यो हिशेब निराळा हाये.

वाडीत जा. हिरीम्होरं हुबा ऱ्हा आन् तिला कळंल असं बोल. ती काय म्हनंल ते ऐक. मधी बोलू नगं, तुला लय सवय हाये मधी बोलायची.

मुक्ता


मुंबई, ता. २७ मार्च १९३४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

परवा तुझ्या घरी आलो ते तू पाहिलंसच, पण त्याआधी वाडीत काय झालं ते पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो.

सकाळच्या गाडीनं उतरलो आणि गाव टाळून थेट वाडीवर गेलो. टोपी घातली नव्हती. तरी हिरीनं मला बघून पदर सावरला आणि शिदूनं बसायला घोंगडी टाकली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, ती रीत मी बनवली. पहिल्या दिवशी सगळे हसले ते माझ्यामुळे. माझी नोकरी तुमच्यामुळे गेली नाही, माझ्या खोट्यामुळे गेली.

शिदू खाली बघत राहिला. म्हणाला, "नाना, मला वाटलं तुमी आमच्यासाठी भांडत व्हता." मी म्हटलं, पहिल्यांदा नाही.

मग हिरी बोलायला लागली. अक्का, ती जे बोलली ते मी लिहू शकत नाही, आणि सगळं आठवतही नाही. पोराच्या तापाबद्दल बोलली. पट्टेवाल्याबद्दल कमी बोलली, माझ्याबद्दल जास्त. "त्यो तर परका, त्याला काय म्हाईत. तुमी ह्या टाक्याचं पानी प्यालेले." वाडीतल्या सगळ्या बायका दारात आल्या. पुतळाबाई मध्येच म्हणाली, "पुरं गं पोरी." हिरी म्हणाली, "पुरं न्हाई." आणि पुन्हा बोलली. मी मधे बोललो नाही. ऊन अंगणभर आलं. मग ती एकदम थांबली, नवी घागर उचलली आणि टाक्याकडे चालायला लागली. मी मागे जाऊ लागलो तर म्हणाली, "नगं. मी जाईन माझी."

नंतर तुझ्याकडे आलो. तू कडी काढलीस. ताट वाढलंस, पाट मांडलास, पाणी ठेवलंस. एक शब्द बोलली नाहीस. दाजी हवापाण्याचं बोलत राहिले. मी निघालो तेव्हा तू भाकरी बांधून दिलीस, पण हातात दिली नाहीस, पाटावर ठेवलीस.

गोदीत माल उतरवून घेण्यावर देखरेखीचं काम मिळालं आहे. कायम नाही. तूर्त चालेल.

तू काहीतरी लिही. शिव्या लिही.

तुझा,
सोपान


बेडसे, चैती पुनव

चि. सोपान यास आशीर्वाद.

भाकरी बांधून दिली म्हंजी राग गेला असं समजू नगं. दारात आलेला मानूस उपाशी धाडत न्हाईत, म्हून दिली. हातात दिली असती तर मला रडू आलं असतं आन् तुला वाटलं असतं समदं मिटलं.

मिटलं न्हाई. तळहातावर ते नानं अजून लागतं. भाकरी थापताना लागतं.

वाडीच्या इहिरीचा गाळ काढायचं चाललंय. हे बी जात्यात, शिदूसंगं. गावातले दोघं तिघं नाकं मुरडत्यात, मुरडू देत. तुझ्या बोटीची मानसं आता हितं येत न्हाईत. बायका दिवसाउजेडी टाक्यावर जात्यात. हिरीला तुझं इचारलं. म्हनली, "बोलायचं व्हतं ते बोलले." आनखी काय म्हनली न्हाई. मी बी जास्त खोदलं न्हाई.

गोदीत जपून ऱ्हा. वर लोंबकळत्या वज्याखाली हुबा ऱ्हाऊ नगं. दुपारचं जेव.

माझा राग जाईल तवा मी स्वता कळवीन. कवा जाईल सांगता येत न्हाई, आपल्या आयचा हाये. तवर मी उत्तर धाडलं न धाडलं, तू लिवत जा.

मुक्ता